पाठमोरी ठमाबाई

बेल्ह्याच्या साधनाला पुण्यात विद्यापीठाच्या पत्रकारिता विभागात प्रवेश मिळाला, ते साल पंच्याण्णव. साऱ्या वर्गाला मिळून एकच कॅमेरा, आणि अडगळीच्या खोलीला काळे पडदे लावून केलेली डार्करूम. फोटो शिकवणारे सर मात्र खमके. म्हणायचे, "माणूस कॅमेऱ्याकडं बघायला लागला की बातमी मेली." साधनानं ते मनावर कोरून घेतलं. नवं शिकलेलं माणूस फार कडक असतं.

दिवाळीत कॅमेऱ्याची पाळी साधून ती घरी आली. आई, ठमाबाई, ठेवणीतलं लुगडं नेसून, नथ घालून ओट्यावर बसली.

"काढ आता."

"आई, अशी पोज नको. कांद्यात जा, तुझं काम कर. माझ्याकडं बघू नकोस."

"मंग मी दिसंल कशी गं त्यात?"

"खरी दिसशील."

ठमाबाई हसली, नथ उतरवली आणि रोपं लावायला वाकली. लेकीच्या शिक्षणापुढं तिचं काय चालणार? पुढं साधना पेपरात लागली, स्वतःचा कॅमेरा आला. तोवर ठमाबाई इतकी तयार झाली होती की कॅमेरा दिसला की आपणहून तोंड फिरवायची.

दोन हजार चारच्या पावसाळ्यात ती काविळीनं गेली. दहाव्याला हार घालायला फोटो हवा होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. लग्नाकार्यात ठमाबाई कायम चुलीपाशी, म्हणून कुणाच्या अल्बमात नाही. मतदार ओळखपत्रावर चेहऱ्याच्या जागी नुसता काळा डाग. साधनानं साऱ्या निगेटिव्ह उजेडाला धरून पाहिल्या. पाठ, पदर, चिखलानं भरलेले हात. ती ढसाढसा रडली. हार शेवटी मोकळ्या पाटावर ठेवला.

पुढं विभागात डिजिटल कॅमेरे आले, डार्करूमचे पडदे निघाले आणि जुन्या विद्यार्थ्यांचे चांगले फोटो व्हरांड्यात टांगले गेले. त्यात कांदा लावणारी ठमाबाईही होती. साधना आता तिथंच शिकवायची, पण त्या भिंतीकडं बघणं टाळायची. एक दिवस वडील, धर्माजी, एसटीनं येऊन दाराशी उभे.

"तुझ्या आईचा फटू लावलाय म्हनं हितं. दाव मला."

तिला नाही म्हणवेना. धर्माजींनी चष्मा पुसला, जवळ गेले, डावीकडून पाहिलं, मग उजवीकडून वाकून पाहिलं. मागं मुलं बोलत होती, काय नैसर्गिक टिपलंय!

"एकदा हाक मारायची व्हतीस गं पोरी," धर्माजी म्हणाले. "वळली असती ती."