कानात सांगितलेलं नाव

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. भावाला नाही, देवालाही नाही — देवापुढे तर मुद्दाम दुसरंच काहीतरी बोलत बसायची. आज तुम्हाला सांगते आहे. पण सांगताना डोळ्यांना पदर लावणार नाही, हे आधीच ऐकून घ्या. रडून सांगितलं की माणसं लवकर विरघळतात. मला ते नको.

आमच्या आळीत, सदरच्या बाजारामागे, आज ‘वेणा’ म्हणून हाक मारली तर तीन-चार घरांतून मुली बाहेर येतील. एके काळी सगळ्या नागपुरात हे नाव कोणाच्या पोरीचं ऐकलं नव्हतं. पहिली वेणा म्हणजे माझ्या धाकट्या भावाची लेक, माझी भाची. नाव मी ठेवलं. अर्थ विचारला कोणी, तर सांगायची — पुराणातलं आहे. गंगेची धाकटी बहीण, शंकराच्या जटेतून तिच्या मागोमाग निसटलेली, ती वेणा. कुठल्या पुराणात? मला काय ठाऊक! मीच रचलं होतं ते, चूल फुंकता फुंकता. बायकांना आवडलं, आणि बघता बघता नाव पसरलं. एकदा तर देवळात एक बाई ही गोष्ट मलाच सांगायला लागली, वर आणखी तिखटमीठ लावून. मी हात जोडले आणि कसंबसं हसू आवरलं.

पण ही थाप लहान. तिच्यासाठी मी बसलेच नाही इथं.

खरं असं आहे की वेणा ही आपली इथलीच नदी. हिंगणघाटच्या वाटेवर लागते. माझी आई बाळंतपणाला माहेरी निघाली होती, गाडी नदीत उतरली आणि कळा सुरू झाल्या. गाडीवान पलीकडे तोंड करून बसला, सोबतच्या मावशीनं लुगडं आडवं धरलं, आणि मी वाळूतच झाले. त्याच पाण्यानं मला धुतलं. वडील म्हणाले, नदीचंच ठेवायचं तर गंगा ठेव, गोदा ठेव, ही उन्हाळ्यात आटणारी कसली नदी? आई म्हणाली, “माझ्यासाठी गंगा आली होती काय धावून?” आपल्यात नाव कानात सांगायचा मान आत्याचा. ती सांगेल ते नाव. माझ्या आत्यानं आईचं ऐकलं आणि माझ्या कानात ‘वेणा’ म्हटलं. तिनं ऐकलं होतं — हे तेवढं लक्षात असू द्या.

तर वेणा मी. होते.

मग लग्न. भिवापूरचं सासर. ताटात तांदूळ पसरले, नवऱ्यानं अंगठीनं त्यात माझं नवं नाव लिहिलं. मला अक्षर वाचता येत नव्हतं. शेजारच्या बाईनं सांगितलं तेव्हा कळलं की मी आता पार्वती. त्या तांदळाचा दुसऱ्या दिवशी भात झाला असेल. मला कोणी विचारलं होतं? तुम्हाला तरी विचारलं होतं का कोणी? माहेरी आई होती तोवर गेल्यावर ती हाक ऐकू यायची. मग भाऊ कळता होण्याआधीच आई गेली, वडील गेले. भाऊ माझ्या लग्नात दुडदुडत होता. त्याच्यासाठी मी नुसती ताई. वेणा म्हणणारं जगात कोणी उरलं नाही.

भावाचं लग्न झालं. वहिनी पारशिवनीची — बारीक अंगाची, कामाला वाघ, बोलायला कमी. तिलाही तांदळात लिहून रमा केलं होतं. पहिली मुलगी झाली आणि बारशासाठी मी भिवापूरहून आले, सोबत लाल मिरच्यांचं गाठोडं. भाऊ कचेरीला निघता निघता म्हणाला, “ताई, तू ठेवशील ते नाव.” झालं. हक्क माझा होता.

दुपारी मी बाळंतिणीच्या खोलीत गेले. शेगडीवर ओवा जळत होता, डोळे चुरचुरत होते. वहिनीनं माझं मनगट धरलं.

“वन्सं, एक मागू जी?”

“माग ना वं.”

तिनं माझा कान जवळ ओढला आणि एक नाव सांगितलं. तिचं माहेरचं, पहिलं नाव. म्हणाली, “बाबा गेले तव्हापासून मले कोणी त्या नावानं हाक मारत नाही. पोरीले ठेवा जी. तिले सगळे हाक मारतीन, तर माह्या कानावर तरी पडत जाईल.”

उघड मागायची सोय नव्हती तिला. आपलंच नाव लेकीला ठेवा, असं कुठली सून चारचौघांत म्हणेल? मी म्हटलं, “ठेवीन वं. रडते काहून?” आणि का कोण जाणे, मीही तिला माझं सांगून टाकलं. माझं वेणा होतं म्हटलं. ती हसली. दोघी हसलो. मला तिच्याबद्दल माया वाटली, खरंच वाटली. ते खोटं नव्हतं.

बारशाला घर भरलं. घुगऱ्यांची परात तयार, पाळण्याला झेंडूच्या माळा. मी वाकले. बायका माझ्या पाठीत बुक्क्या घालायला टपूनच होत्या. पोरीच्या कानाशी तोंड नेलं — तिच्या कानाला वेखंडाचा वास येत होता.

जीभ घसरली म्हणू? नाही म्हणत. मोह झाला म्हणू? तेही नाही. मला वेळ होता. दोन्ही नावं तोंडात होती. आणि मी माझं निवडलं. पोरीच्या कानात ‘वेणा’ म्हटलं. बुक्क्या बसल्या, हसणं झालं, “काय ठेवलं वं आत्याबाई?” म्हणून गलका उठला, आणि मी मान वर करून मोठ्यानं सांगितलं — वेणा!

वहिनी पाळण्याच्या दोरीशी बसली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. भाऊ म्हणाला, “हे कुठून काढलं वं ताई?” तेव्हा मी पुराणातली ती थाप मारली, वहिनीच्या तोंडावर, पापणीही न हलवता. ती उठून घुगऱ्या वाटायला लागली. माझ्या ओंजळीतही घातल्या.

मला काय वाटलं, विचारता? आनंद झाला. घरभर माझं नाव ऐकू येत होतं. “वेणा रडते आहे, वेणाला घ्या, वेणा झोपली” — मी भिवापूरला परत जायचे दिवस लांबवत राहिले. लाज नंतर आली. आणि ती आली तरी ते नाव मी परत दिलं नसतं.

वहिनीला त्यानंतर दोन्ही मुलगेच झाले.

मग माझा नवरा गेला. मूलबाळ नव्हतं, दिरांनी चार दिवस सांभाळलं आणि गाडीत बसवून भावाकडे धाडून दिलं. तेव्हापासून मी वहिनीच्या हातचं खाल्लं. गरम भाकर आधी माझ्या ताटात. तापात माझ्या उशाशी तीच. एका शब्दानं तिनं मला कधी टोचलं नाही — टोचलं असतं तर बरं झालं असतं, भांडून मोकळी झाले असते मी. फक्त एक. आपल्या लेकीला तिनं कधी, एकदाही, वेणा म्हणून हाक मारली नाही. ‘बाई’ म्हणायची. “बाई, पाणी आण. बाई, जेवून घे.” घरात कोणाच्या लक्षातही आलं नाही. माझ्या आलं होतं.

वेणा शाळेत गेली, आणि घरी येऊन मला पाटीवर शिकवायला लागली. अक्षरं जुळू लागली तसं मी पहिलं काय लिहिलं असेल? पोरगी टाळ्या पिटत सैपाकघरात धावली, “आई, आत्यानं सगळ्यात आधी माझं नाव लिहिलं!” वहिनी हात पुसत दारात आली. पाटीकडे पाहिलं. म्हणाली, “सुरेख आहे.” आणि आत गेली. पोरीला मी खरं सांगितलं नाही.

वेणाचं लग्न झालं तेव्हा मी मांडवाच्या कडेला, मागे बसले होते. विधवेची जागा तीच. ताटात तांदूळ आले. जावयानं अंगठी काढली. आता मला वाचता येत होतं ना — दुरूनही वाचलं. इंदिरा. अंगाचा भडका उडाला माझ्या. ज्याच्यासाठी एवढं केलं, ते दोन बोटांनी पुसून टाकलं त्या पोरानं! वहिनी माझ्याशेजारी येऊन उभी राहिली. हळूच म्हणाली, “आता तिघी सारख्या झालो, वन्सं.”

तेवढंच. एवढ्या वर्षांत तेवढंच.

गेल्या वर्षी ती गेली. शेवटी शेवटी डोळे उघडत नव्हती. भाऊ ‘रमा, रमा’ करत होता, मुलगे ‘आई’ म्हणत होते, मी ‘वहिनी’ म्हणत होते. तिला कशानंच ओ देता येईना. तिचं खरं नाव त्या खोलीत एकट्या मला आठवत होतं, भाऊ तर केव्हाच विसरला होता. एकदा म्हणायचं होतं फक्त, कानाशी वाकून. जिभेवर आलं होतं हो! पण वेणा समोर बसली होती. ती विचारती, आत्या, हे कोणाचं नाव? मग सगळंच बाहेर आलं असतं. मी तिचे पाय दाबत राहिले. ती तशीच गेली.

नाव चोरलं याचा मला आजही पश्चात्ताप नाही. माझंच होतं ते, माझ्याकडूनही कोणी तरी हिसकावलंच होतं. पण त्या दिवशी गप्प बसले, ती भित्री होते म्हणून. त्याला दुसरा शब्द नाही, आणि मी शोधतही नाही.

वहिनीच्या आधीची भावंडं जगली नव्हती. ही जगली, म्हणून बापानं मोठ्या कौतुकानं नाव ठेवलं होतं. एवढंही तिनं त्या दुपारी सांगितलं होतं मला, शेगडीच्या धुरात, माझं मनगट धरून.

तिचं नाव कवतिका होतं.