तवा आणि सायलेन्सर

वडील गेल्यापासून आई स्वतःहून एकच काम करते. संध्याकाळी ओढ्याच्या पुलावर आमचा ट्रॅक्टर वाजला, की उठून चुलीवर तवा ठेवते. हा रिवाज वडिलांच्या वेळेपासूनचा. ट्रॅक्टर पुलावरून येऊन दारातल्या कडुनिंबाखाली उभा राहीपर्यंत पहिली भाकरी टम्म फुगलेली असायची. वडिलांना गार भाकरी चालायची नाही आणि आईला त्यांनी ताटावर बसून वाट पाहिलेली चालायची नाही. दोघं एकमेकांशी फारसं बोलत नसत. त्यांचं बोलणं ते एवढंच, पुलापासून चुलीपर्यंतचं.

आता ट्रॅक्टर मी चालवते. नांदेडची नोकरी सोडून आले तेव्हा गावानं थोडे दिवस तमाशा बघितला, मग गाव कंटाळलं. आई मात्र होती तिथंच राहिली. हाक मारली तर बघत नाही, विचारलं तर बोलत नाही. लातूरच्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या, मावशीनं उपास सांगितले, शेजारणी म्हणाल्या दुःख आहे, हळूहळू जाईल. मीही तेच धरून बसले. तिनं उठावं, माझ्यासोबत चार घास खावेत, म्हणून शेतात काम नसलं तरी मी ट्रॅक्टर काढायचे, ओढ्यापलीकडं जाऊन थांबायचे आणि परत यायचे. नुसत्या भाकरीसाठी डिझेल जाळणारी बाई आमच्या गावात मी एकटीच असेन.

पण उन्हाळ्यापासून तेही बिघडत चाललं. ट्रॅक्टर पुलावर आला तरी तवा चढेना. मी शाळेपाशी पोचावं तेव्हा ती उठायची, मग फाटकापाशी, मग अगदी दारात. मला वाटलं, हेही तिच्या हातून सुटत चाललं. हे सुटलं की संपलंच सगळं. मी तिच्याकडं बघायचे आणि मला तिचा रागही यायचा. बाप माझाही गेला होता.

तेवढ्यात सायलेन्सर गळायला लागला. ट्रॅक्टर माझ्याहून थोडाच लहान आहे, त्याचं तरी काय चुकलं म्हणा. धुराचा उभा पाइप इंजिनाला जिथं जोडलाय तिथलं पॅकिंग जळून गेलं होतं. जोडाभोवती काजळी धरली होती आणि इंजिनाच्या दर ठोक्याला तिथून फाड्‌फाड् आवाज निघायचा. धूर वर जायचा सोडून थेट माझ्या तोंडावर. घरी येईतो डोळे लाल व्हायचे आणि गावातली कुत्री मागं लागलेली असायची.

नवल म्हणजे, त्या दिवसांत तवा पुन्हा वेळेवर चढायला लागला. मी कडुनिंबाखाली उतरले की पहिली भाकरी टोपल्यात. मला रडूच आलं. वाटलं, गोळ्या लागू पडल्या. आई मात्र खूश नव्हती. भाकरी थापता थापता म्हणाली, "ह्यो आवाज त्यायचा न्हाई."

"सायलेन्सर गळतोय आई."

तिनं मान वर केली नाही. "त्यायची गाडी कशी गुरगुरत यायची. ही कुणाची गं, फाटक्या नरड्याची? नीट कर माय."

कितीतरी महिन्यांत तिनं माझ्याकडं काही मागितलं नव्हतं. मग मी हट्टालाच पेटले. आधी घरचा इलाज केला, दुकानात भेगा बुजवायला मिळते ती दोन रंगांची माती मळून जोडावर थापली. अर्ध्या रानात ती जळून खपल्या पडल्या. मग मुरूड गाठलं. स्पेअरपार्टवाल्यानं मॉडेल ऐकूनच हात झाडले.

"ताई, ह्याचं पॅकिंग लातुरात बी मिळंना गेलंय. पॅकिंगची शीट घेऊन जा, घरी कापा."

नट गंजून पार एकजीव झाले होते. डिझेलमध्ये भिजवलेल्या चिंध्या त्यांना गुंडाळून ठेवल्या आणि सकाळी पान्हा लावला. वडील सांगायचे, गंजलेला नट सोडवायचा तर आधी जरा आवळायचा, म्हणजे तो गाफील राहतो. तसं केलं, एकेक नट करकरत सुटला. शेवटच्यानं माझ्या बोटांची सालटी काढली. पाइप उतरवला, जुनं पॅकिंग पात्यानं खरवडलं, तोंडाला कानस मारून ते सपाट केलं. शीट वर ठेवून कडेकडेनं हातोडी ठोकत गेले, तसं पॅकिंग आपोआप कापलं गेलं. हेही वडिलांचंच. नट समोरासमोरचे धरून थोडे थोडे आवळले, इंजिन तापवून पुन्हा आवळले. जोडापाशी वर्तमानपत्राची पट्टी धरली. ती हललीसुद्धा नाही.

आणि तो आवाज! जाडा, सावकाश, पोटातून येणारा. वडील आता मागून येतील आणि म्हणतील, सरक, असं वाटलं. मी स्टिअरिंगवर डोकं ठेवून मनसोक्त रडून घेतलं.

संध्याकाळी मुद्दाम ओढ्यापलीकडं गेले आणि पुलावरून अगदी हळू आले. शाळा गेली. फाटक आलं. चुलीचा धूर दिसेना. कडुनिंबाखाली उभी राहिले, पण इंजिन बंद केलं नाही. म्हटलं, ऐकू दे तिला पोटभर.

ती आत दाराकडं पाठ करून, मी पुढ्यात ठेवून गेलेले तांदूळ निवडत होती. तवा भिंतीला टेकलेला, थंडगार. माझी सावली सुपावर पडली तेव्हा दचकून वळली.

"चालत आलीस व्हय? गाडी कुठं ठिवलीस?"

गाडी माझ्या पाठीमागं चालू होती.

मी तिथंच उंबऱ्यावर बसले. न बघणं, न बोलणं, हळूहळू दारापर्यंत सरकलेला तवा, सगळं आम्ही दुःखाच्या नावावर टाकून मोकळे झालो होतो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. आणि तिला बिचारीला कुठं कळत होतं! सूप पाखडत ती आपल्याच तंद्रीत म्हणाली, "त्ये गेले तवापासून घरात कुणी बोलतच न्हाई." मी रोज बोलत होते. रोज.

कानाच्या डॉक्टरकडं न्यायचं तेव्हा नेईनच, पण उद्याच्या भाकरीचं काय? दुसऱ्या दिवशी पान्हा घेतला आणि इतक्या कष्टानं आवळलेले दोन नट सैल केले. फाड्‌फाड् करत, धूर खात पुलावरून आले. कुत्री मागं लागली. दारात आले तर तवा तापलेला, भाकरी फुगलेली.

आईनं माझ्या काजळलेल्या तोंडाकडं बघितलं. "नीट झाली न्हाई व्हय अजून?"

मी मान हलवली.

"कर माय नीट. येकदा त्यायचा आवाज ऐकू दे मला."

"करते," मी म्हणाले. तिला ते ऐकू गेलं नाही. मग ओरडून म्हणाले, "करते आई!"