हात न लावता वाजणारी पेटी

या, जरा सरकून बसा. दारात काय उभे राहता पाहुण्यासारखे! आणि तो मोबाइल ठेवा बाजूला, समोरचं माणूस बघायला वेळ म्हणून नसतो तुम्हाला. आमच्या काळेवाडीच्या चाळीत, माझ्या शेजारच्या खोलीत एक जण राहायचा. त्याला तुम्ही पाहायला हवं होतं.

कुणी भेटलं की उजवा हात पाठीमागे न्यायचा आणि डावा कपाळाला लावून रामराम करायचा. चाकणच्या एका कारखान्यात प्रेस मशीनखाली उजव्या हाताची चार बोटं गेली, अंगठा तेवढा उरला. “अंगठाबहाद्दर झालो, काकू,” असं तो स्वतःच म्हणून टाकायचा. मग दुसऱ्यानं काय बोलायचं?

मूळचा लातूरकडचा. बोटं होती तेव्हा दत्तमंदिरात गुरुवारच्या भजनाला पेटी तोच वाजवायचा. अपघातानंतर पेटी दुसऱ्याकडे गेली. कुणी हिसकावली नाही हो, पण भजन काही थांबत नाही.

मग त्याला मोबाइलवर एक वाद्य दिसलं, थेरेमिन. मला कितीतरी दिवस ते एखाद्या गोळीचं नाव वाटायचं. ह्या वाद्याला हातच लावायचा नसतो. नुसता जवळ न्यायचा, लांब न्यायचा. बोटांचं कामच नाही! झालं, जुने रेडिओ फोडून तारांची वेटोळी काढली, एका फळीवर पितळेची सळी उभी केली आणि शिफ्टवरून आला की डाव्या हातानं सोल्डरिंग.

“अरे, पण हे वाजतं कशानं?” मी विचारलं.

“आत दोन सर्किटं हायत, काकू. दोन्ही इतक्या वरच्या पट्टीत गातात, की आपल्या कानाला कळत न्हाई. एक आपल्या सुरावर ठाम. दुसरं, सळीजवळ हात आला की ढळतं. दोघांत जेवढा फरक पडंल, तेवढाच आपल्याला ऐकू येतो.”

“म्हणजे सासू-सुना!”

“तसंच की! दोघींचं जुळलं तर घरात आवाजच न्हाई.”

मला उंबऱ्यावरच बसवायचा, आत येऊ द्यायचा नाही; कुणाचंही अंग सळीजवळ आलं तरी सूर ढळतो म्हणे. पण एकदा त्यानं अख्खा अभंग काढला. तोंड मिटून कुणी बाई गुणगुणतेय, असा तो आवाज. माझ्या अंगावर काटा आला. भजनाच्या बुवांनी ऐकलं आणि म्हणाले, “देवळात असंच वाजलं, तर आपली जागा धर परत.”

त्या गुरुवारी त्यानं नवा सदरा घातला होता. सगळ्यांना हात जोडून म्हणाला, “जरा खांबापलीकडं बसा.” बसले बिचारे. पहिलं कडवं असं लागलं, की लोक माना डोलवत कधी पुढे सरकले, त्यांचं त्यांनाही कळलं नाही. बुवा तर उठलेच, आणि कौतुकानं त्याच्या कपाळी बुक्का लावायला हात पुढे केला. सळीनं अशी किंकाळी फोडली, की पोरं खदाखदा हसायला लागली.

त्यानं पुन्हा सूर जुळवला. लोक पुन्हा जवळ आले. टाळकरी डोलले, की सूर त्यांच्याबरोबर डोलायचा. शेवटी बुवाच म्हणाले, “राहू दे आता. बघू पुन्हा कधी.”

घरी येताना मी म्हटलं, “दटावायचंस त्यांना.”

“भजनात माणसाला लांब बस म्हणायचं? ते कसं म्हणू, काकू?”

पुढचे काही गुरुवार तो मागे बसून टाळ्या वाजवायचा. चार बोटांवाचून टाळीचा आवाज येत नाही, हे मला तेव्हा कळलं. मग यायचाच बंद झाला. कंपनीनं कंत्राट संपलं म्हणून घरी बसवलं आणि तो मोशीला एका नव्या इमारतीवर वॉचमन म्हणून गेला. खोलीत आता दुसरं कुटुंब आहे.

परवा फोन केला. वाद्याचं विचारलं, तर म्हणाला, “सळी भंगारात घातली, काकू. इथं गेटवर बरंय. कुणी जवळ येत न्हाई.”

मी एवढंच म्हटलं, “बाबा, गुरुवारी नको येऊस. दुसऱ्या कुठल्याही दिवशी ये. पण लवकर ये.”