पुसलेल्या सहा ओळी

पुण्याची नोकरी सोडून पोलादपूरजवळच्या आमच्या गावी परतलो, तेव्हा बाबांना एकाच गोष्टीचा आनंद होता: मुलगा घरी राहणार. ते राहणं टिकून होतं मुख्यतः एका गिऱ्हाइकावर. महाडच्या एमआयडीसीत रसायनांचा छोटा कारखाना चालवणारे एक शेठ. कुठल्या पिंपात कोणता माल, कधी आला, कुठे गेला, हे सांगणारं सॉफ्टवेअर मी त्यांना लिहून दिलं.

लिहून दिलं म्हणजे सगळंच नव्हे. पिंपांची लेबलं छापणारा भाग कुणीतरी लिहून इंटरनेटवर सगळ्यांसाठी मोकळा ठेवला होता, तो मी जोडला. त्याच्या माथ्यावर सहा ओळी होत्या: लिहिणाऱ्याचं नाव आणि अट. वापरा, बदला, पण पुढे कुणाला द्याल तर सगळा कोड उघडा करून, याच अटीवर द्या. शेठ म्हणाले होते, "माझ्या प्रोग्राममध्ये दुसऱ्याचं नाव नको." मी ओळी पुसल्या आणि सगळं मीच लिहिलंय, आता मालकी तुमची, असं सहीनिशी लिहून दिलं. एवढा मी शहाणा.

तीन वर्षं काही बिघडलं नाही. मग शेठनी तेच सॉफ्टवेअर दुसऱ्या कारखान्यांना विकायला काढलं. घेणाऱ्यांच्या माणसाने कोड तपासला आणि नेमका तो भाग ओळखला. सौदा मोडला. तेवढं नव्याने लिहून देतो म्हणून मी गयावया केली. शेठ ओरडलेसुद्धा नाहीत. "आणखी काय काय पुसलंय, मला कसं कळणार?" एवढंच म्हणाले. महाड ते केवढं. महिन्याभरात बाकीच्या गिऱ्हाइकांचे फोनही थांबले.

बाबांना मी लायसन्स, म्हणजे त्या सहा ओळींतली अट, काय असते ते समजावू लागलो. गावकीची भांडी त्यांच्याकडे असतात. लग्नाकार्याला कुणीही न्यावीत, प्रत्येकावर गावाचं नाव कोरलेलं. त्यांनी मला मध्येच थांबवलं.

"म्हंजे गावकीचा टोप नेलास, नाव घासलंस नि आपला म्हनून दुसऱ्याला दिलास. ह्यात न समजन्यासारखा काय हाय?"

मला रडू आलं. सहा ओळी पुसताना हे एकदाही मनात आलं नव्हतं, याची लाज अजून जात नाही.

पुण्याला पुन्हा नोकरी धरली. एसटी स्टँडवर बाबांनी विचारलं, "कधी येशील?"

"गणपतीला येतो की."

"सनाचा नाय इचारत रे. ऱ्हायला कधी?"

खोटं बोलायची ताकद उरली नव्हती. "आता नाही, बाबा," मी म्हणालो. त्यांनी मान हलवली आणि हातातली पिशवी माझ्याकडे दिली.