रहाटाची आखूड माळ

"पान्याच्या मागं लागू नये. पान्याची वाट बघावी."

काळूराम हे इतक्या वेळा बोलायचा, की आमच्या नंदाखालची माणसं त्याच्याच सुरात ते एकमेकांना ऐकवायची. एसटी चुकली तरी ऐकवायची, पोरीचं लग्न लांबलं तरी ऐकवायची. काळूरामला त्याचा राग नव्हता. तो स्वतः मात्र ते फक्त पाण्याबद्दलच बोलायचा. त्याला दुसऱ्या कशाबद्दल फारसं बोलायचंच नसायचं.

लोपीसांची मोठी वाडी आमच्या गावाचा अभिमान. वाडी म्हणजे नारळी-केळीची बाग, आणि बागेच्या मधोमध पोर्तुगीज अमलातलं दुमजली घर. खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांची तावदानं, सकाळचं ऊन त्यांतून दुधासारखं गाळून आत येई. पुढे लांबरुंद ओटी, ओटीपुढे अंगण, अंगणात दगडी कारंजं, तेही कित्येक वर्षं कोरडं. गावात लग्न असो, सणाचं जेवण असो, मुंबईहून कुणी मोठा पाहुणा येवो, मांडव पडायचा तो त्याच अंगणात. लोक यायचे, जेवायचे, बँडच्या तालावर नाचायचे आणि घराची तारीफ करत परत जायचे.

घराच्या मागे एक विहीर आहे, तिच्यावर रहाट आहे, रहाटाला रेडा आहे आणि रेड्यामागे एक माणूस आहे, हे त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक होतं.

काळूराम मूळचा आमचा नव्हे. उमेळ्याच्या पलीकडे मिठागरं आहेत, तिथला. एक्कावन्न साली थोरल्या लोपीसांना रहाट हाकायला माणूस हवा होता, तेव्हा चारपाच जण आले. बाकीच्यांनी रेड्याचे दात पाहिले, लाकडी चाक हलवून पाहिलं. काळूरामने ओंजळभर पाणी मागितलं. तोंडात धरलं, बराच वेळ धरलं, मग बाजूला टाकलं.

"वर गोड हाय. दोन पुरुस खाली खारं."

पुरुष म्हणजे हात वर करून उभ्या राहिलेल्या माणसाची उंची. थोरल्या लोपीसांनी बूच लावलेली बाटली दगड बांधून आत सोडली, दोन पुरुष खोल गेल्यावर दोरीने बूच ओढलं, आणि वर आलेलं पाणी चाखलं. त्यांनी तोंड वाकडं केलं आणि काळूरामला ठेवून घेतलं.

तेव्हापासून रोज सकाळी पहिल्या मडक्याचं पाणी तो जिभेवर घेई. मग रेड्याच्या डोळ्यांना झापड बांधी आणि म्हणे, "चला सायेब." रेड्याचं नावच सायेब. एक म्हातारा झाला की दुसरा येई, नाव तेच राही. रेडा गोल फिरू लागला की मोठं चाक फिरे, माळेला बांधलेली मडकी एकामागून एक खाली बुडत, भरून वर येत, पन्हळीत रिकामी होत. चाक असं कुरकुरायचं, की दोन वाड्या पलीकडे ऐकू जाई. कुणी म्हटलं तेल घाल, तर तो घालत नसे. आवाज थांबला म्हणजे रेडा थांबला, हे त्याला केळीत पाटाचं पाणी वळवताना कळायला हवं.

पुढच्या अंगणात काय चाललंय तेही त्याला पाण्यावरूनच कळे. स्वयंपाकघरातून तांब्याने पाणी मागितलं, तर म्हातारी माणसं येऊन टेकली आहेत. बादल्या आल्या, तर पंगत उठली. बराच वेळ कुणी काहीच मागितलं नाही, की तो रेड्याला म्हणे, "थांब सायेब, भाषण चाललंय." त्याचं ताट मागच्या दाराने येई, तिथेच तो जेवी. पुढच्या ओटीवर तो एकदाच चढला, थोरले लोपीस गेले त्या दिवशी.

ब्याऐंशी सालचा मे महिना. घरात लग्न होतं ते थोरल्या लोपीसांच्या नातीचं, फ्लॉसीचं. तिचा बाप ज्युलियस मुंबईत जहाजाच्या कंपनीत होता. माणूस चांगला, हात मोकळा, पण घाई फार. व्याही वांद्र्याचे, पाहुणे आठशे. अंगण हिरवं हवं, फुलझाडं टवटवीत हवीत, आणि आजवर कुणी उडताना न पाहिलेलं कारंजं उडायला हवं. त्याने विहिरीवर विजेची मोटार बसवली. सोमवारी बटण दाबलं, आणि रहाट दिवसभरात देई तेवढं पाणी जेवायच्या वेळेआधी हौदात पडलं. सायेब उभा राहिला. काळूरामही.

मोटार दिवसभर चालू राहिली. मंगळवारीही. बुधवारी दुपारी कारंजं उडालं तेव्हा गडीमाणसांनी टाळ्या वाजवल्या. काळूराम घराच्या कोपऱ्याशी माडाखाली उभा होता. वाऱ्याने चार थेंब त्याच्या मनगटावर आले. त्याने ते चाटले आणि ज्युलियसला हाक मारली.

"ज्युलबाबू, मोटार बंद करा. पानी मचूळ व्हायला लागलंय."

ज्युलियसने हौदात बोट बुडवून जिभेला लावलं. "मला तर काही लागत नाही."

"तुमाला दोन दिसांनी लागंल."

"अरे, तुझी जीभ आहे का सरकारी प्रयोगशाळा?"

"सरकारी असती, तर एवढ्या लवकर सांगितलं नसतं."

सगळे हसले, ज्युलियसही हसला. पण मोटार चालू राहिली.

शुक्रवारी सकाळी स्वयंपाकीण रिटा हातात डाव घेऊन ओटीपर्यंत आली. "बाय, रात्रभर भिजवलेले वाटाणे, पहाटेपासून चुलीवर आहेत आणि अजून गोट्यांसारखे टणटणीत! चहासुद्धा दोनदा फाटला. ह्या विहिरीला झालंय काय?"

बाय म्हणजे उर्सुलाबाय, थोरल्या लोपीसांची विधवा, फ्लॉसीची आजी. सत्तरी उलटलेली, लाल चौकडीचं लुगडं, हातात काठी. तिने पेल्यातलं पाणी तोंडात घेतलं, आणि आता ते कुणालाही कळलं असतं. पाणी खारट होतं.

त्या घराची एक रीत होती. आमच्याकडे लग्नाच्या आदल्या दिवशी बायका वाजतगाजत विहिरीवर जातात, उंबराची फांदी घेऊन, आणि नवरीच्या आंघोळीचं पाणी आणतात. लोपीसांच्या घरी त्यातला पहिला घोट नवरीला पाजायचा. स्वतःच्या विहिरीचं गोड पाणी पिऊनच ह्या घरातली लेक बाहेर पडायची. उर्सुलाबायने दोन मुली अशाच पाठवल्या होत्या. फ्लॉसीचं पाणी उद्या संध्याकाळी होतं.

"टँकर मागवतो," ज्युलियस म्हणाला.

"टँकरच्या पाण्यावर मुलगी पाठवू?"

"आई, पाणी ते पाणीच."

म्हातारी ओटीवरून उतरली. ती काठी टेकत घराला वळसा घालून मागे गेली. काळूराम विहिरीच्या काठावर बसला होता.

"काळू, उद्या संध्याकाळी मला एक घागर गोड पाणी पाहिजे."

"मोटार थांबवा. तवापर्यंत विहिरीला कोनी हात लावायचा नाय. मोटार नाय, रहाट नाय, बादली नाय."

"आणि मग गोड होईल?"

"होईल का ते मी नाय सांगत, बाय. गोड पानी हलकं असतं, खाऱ्याच्या वर येऊन बसतं. पन कोनी ढवळलं नाय तर. यायचं असंल तर आपसूक येईल. पान्याची वाट बघावी."

उर्सुलाबायने ज्युलियसला बोलावून मोटारीचा फ्यूज काढायला लावला आणि तो आपल्या पदराच्या टोकाला गाठ मारून बांधला. स्वयंपाकाचं पाणी शेजारच्या वाड्यांतून बैलगाडीने येऊ लागलं.

काळूरामने मात्र एक काम केलं. माळ सोडून त्याने खालची मडकी काढली, दोर तोडून नवी गाठ दिली. माळ आखूड झाली. आता मडकी खोल जाणार नव्हती, पाण्याच्या अंगावरून हात फिरवल्यासारखी वरचं तेवढंच उचलणार होती. गाठ देताना त्याने एकही खडा विहिरीत पडू दिला नाही.

शनिवारी सकाळी ज्युलियस धावत आला. उर्सुलाबायने खुर्ची मागवून विहिरीपाशीच मांडली होती.

"आई, चाळीस पाहुणे टॉवेल घेऊन उभे आहेत. अर्धा तास मोटार लावू दे. अर्ध्या तासाने काय होतंय!"

"राजोडीला समुद्र आहे. तिथे ने त्यांना."

"खारे होऊन येतील!"

"येऊ देत. मांडवात माश्या कमी बसतील."

ज्युलियसला रागही आला आणि हसूही. शेवटी त्याने दोन टेम्पो भरून वांद्र्याची माणसं राजोडीला नेली, आणि ती इतकी खूश झाली, की जेवायला बोलवायला माणूस पाठवावा लागला.

मागे विहिरीवर दोघंच उरली. केळीची पानं हलत होती. सायेब रवंथ करत होता.

"एकतीस वर्षं इथे बसून बघतोस तरी काय रे, काळू?"

"सायबाचं ढुंगन."

उर्सुलाबाय इतकी हसली, की काठी हातातून पडली. काळूरामने ती उचलून दिली. म्हातारीने एकदाच विचारलं, "चाखून बघतोस का?" त्याने मान हलवली. बघायलासुद्धा विहिरीत हात घालायचा नव्हता.

ऊन माडांच्या शेंड्यांवर गेलं तेव्हा बँडचा आवाज आला. बँड पुढच्या अंगणातून निघाला, घराला वळसा घालून मागे आला. त्याच्या मागे उंबराची फांदी, डोक्यावर घागरी घेतलेल्या बायका, आणि मधे फ्लॉसी. पुढची सगळी माणसं त्या दिवशी मागे येऊन उभी राहिली. काळूरामला कुठे उभं राहावं ते कळेना. तो रेड्याच्या आडोशाला गेला.

"घागर बुडवू नका," एवढंच तो बायकांना म्हणाला. "मी देतो."

त्याने झापड बांधली. "चला सायेब." ज्युलियसने सवयीने वळून पाहिलं, तशा बायका खुदकन हसल्या. चाक कुरकुरलं. बँड आपोआप थांबला. आखूड माळेवरची मडकी पाण्याला जेमतेम टेकून वर आली, अर्धीमुर्धी भरलेली. पहिल्या मडक्याचं पाणी त्याने ओंजळीत घेतलं, तोंडात धरलं. आठवड्याभराची घाई, आठशे पाहुणे, वांद्र्याचे व्याही, सगळं तेवढा वेळ त्याच्या तोंडाकडे बघत थांबलं. त्याने पाणी गिळलं. घागर पन्हळीखाली धरली.

उर्सुलाबायने तांब्याच्या पेल्यात पाणी घेतलं आणि नातीच्या ओठांना लावलं. फ्लॉसीने घोट घेतला. क्षणभर तिने काळूरामकडे पाहिलं.

"गोड आहे, आजी."

बँड जोरात सुरू झाला. घागरी भरल्या, मिरवणूक वळली. फ्लॉसी दोन पावलं मागे राहिली.

"काळूमामा," ती हळूच म्हणाली, "चिमूटभर मीठ आहे ना?"

"हाय," काळूराम म्हणाला. "माज्या गावचं हाय. तुला माज्याकडनं."

रविवारी लग्न झालं. मांडवात काय काय झालं ते सांगणारे गावात पुष्कळ आहेत. काळूराम मागेच होता, गाडीने आलेलं पाणी पिंपांत ओतत. जेवणं झाल्यावर फ्लॉसीने मागच्या दाराने स्वतः त्याचं ताट आणलं.

सोमवारी सकाळी त्याने विहिरीत डोकावून पाहिलं, ओंजळभर पाणी चाखलं आणि उर्सुलाबायपुढे जाऊन उभा राहिला.

"बाय, विहीर दमलीय. पावसाळा लागून भरंपर्यंत तिला कोनी हात लावू नका. मोटार नाय, रहाटपन नाय."

"रहाटसुद्धा नाही? मग तू काय करशील?"

"जातो घरी."

ज्युलियस तिथेच होता. "तू राहा रे. काम नसलं तरी राहा. माझंच चुकलं."

"नाय, ज्युलबाबू. मी हितं असलो तर सायेब फिरंल, सायेब फिरला तर मडकी बुडतील. माजा हात नाय थांबायचा. पाऊस झाला की येऊन चाखून जाईन."

उर्सुलाबाय म्हणाली, "सायबालाही घेऊन जा. बसून बसून त्याचे पाय जातील."

काळूरामने झापड सोडून खुंटीला अडकवली. आखूड माळ तशीच राहू दिली. घोंगडी खांद्यावर टाकली, रेड्याची दोरी हातात घेतली आणि केळीमधल्या वाटेने उमेळ्याच्या दिशेला निघाला.

सायबाला सरळ चालायची सवय नव्हती. दहा पावलं टाकली की तो डावीकडे वळू लागे. काळूराम त्याच्या मानेला खांदा लावून त्याला वाटेवर आणी, पुन्हा दहा पावलं, पुन्हा तो डावीकडे. अशी ती जोडी वाकडीतिकडी होत माडांमधून लांब गेली. मागच्या दारात उर्सुलाबाय उभी होती, पदराच्या गाठीत फ्यूज तसाच. तिच्या मागे ज्युलियस. रेड्याची पाठ केळीच्या पानांआड दिसेनाशी होईपर्यंत दोघंही आत गेली नाहीत.