मागे सर उभे असत

मी वजनं उचलायला लागले ती कंबरदुखीमुळे. डॉक्टरांनी पाण्याची बादलीसुद्धा उचलायची नाही असं बजावलं होतं, आणि कोणी मला एखादी गोष्ट करू नको म्हटलं की माझं डोकं फिरतं. काही महिने बादली न उचलता काढले, कंबर होती तशीच राहिली. मग ऑफिसमधल्या एका मैत्रिणीने पंचवटीतल्या एका जिमचा पत्ता दिला. "पण तिथे बायका फारशा नसतात हं," ती म्हणाली. झालं, मी दुसऱ्याच दिवशी जाऊन उभी राहिले.

जिम म्हणजे द्राक्षांच्या क्रेटच्या गोदामामागची पत्र्याची शेड. एसी नाही, गाणी नाहीत, पळायचा पट्टा नाही. रॅक, जमिनीवर रबराच्या जाड चटया, गंजलेल्या प्लेटा आणि भिंतीवर मारुतीचा फोटो. या शेडमधून राज्यपातळीवर पदकं आणणारी माणसं निघाली होती हे मला नंतर कळलं. पहिल्या दिवशी ती जागा नुसती कळकट वाटली.

शेड चालवणारे सर सायखेड्याचे. सातपूरच्या एका कारखान्यात नोकरी करता करता त्यांनी स्वतः स्पर्धा केल्या, आणि निवृत्त झाल्यावर दिवसभर शेडमध्येच असत. मला ते 'ताई' म्हणत, 'तुम्ही' म्हणत. पण खांद्यावर बार चढला की ताई आणि तुम्ही दोन्ही गळून पडायचं. "अगं छाती वर! खाली काय बघती?" माझ्या नवऱ्याने हा सूर लावला असता तर घरात महाभारत झालं असतं. सरांचं मात्र मी मुकाट ऐकायची.

घरी सुरुवातीला सगळ्यांनी थट्टाच केली. आमच्याकडे नदीवर येणाऱ्या यजमानांचे विधी सांगायचं काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. सासूबाई म्हणाल्या, "सूनबाईंचे खांदे असे रुंद झाले तर यजमान दक्षिणा त्यांच्याच हातात ठेवतील." मी म्हटलं, ठेवू देत की. कंबर दुखायची थांबली तेव्हा त्यांचीही थट्टा थांबली.

पॉवरलिफ्टिंगमध्ये तीन प्रकार असतात. स्क्वॅट म्हणजे खांद्यावर बार घेऊन खोल बसायचं आणि उठायचं. बेंच म्हणजे बाकावर उताणं पडून बार छातीपर्यंत आणायचा आणि वर ढकलायचा. डेडलिफ्ट म्हणजे जमिनीवरचा बार धरून सरळ उभं राहायचं. पहिल्या दोन्हींत वजन अंगावर असतं. अडकलात तर मागून कोणीतरी धरावं लागतं. डेडलिफ्टमध्ये नाही झेपलं तर बार खाली ठेवला, विषय संपला.

आमच्या शेडचा एक नियम होता. कोणाचंही सगळ्यात जड वजन असलं की मागे सरच उभे राहणार. बारखाली दोन्ही पंजे उघडे धरून, पण बारला न टेकवता. कितीतरी जिममध्ये मागचा माणूस हळूच दोन बोटं लावतो आणि वर सांगतो, "तूच उचललंस, मी हात नाही लावला." सरांना त्या बोटांची मनस्वी चीड होती. "बोट लावलं की माणसाचा आकडा खोटा झाला," ते म्हणत. त्यामुळे त्यांचा हात आम्हाला कळायचा तो फक्त हरल्यावर. सुरुवात करण्याआधी ते मागून एवढंच म्हणत, "हाय मी." माझे वडील मी लहान असतानाच गेले. पाठीशी कोणीतरी उभं असणं म्हणजे काय, ते मला चाळिशी ओलांडल्यावर त्या शेडमध्ये कळलं.

मग सरांना अर्धांगवायूचा झटका आला. हलका होता म्हणे. काही दिवस दवाखान्यात, नंतर बरेच दिवस घरी. ते परत आले तेव्हा चालणं सुधारलं होतं, बोलणं तर होतं तसंच. त्याच आठवड्यात आमचे शेठ स्क्वॅटला अडकले. शेठ म्हणजे वणीकडचे द्राक्षांचे व्यापारी, शेडमधला सगळ्यात भारी गडी. सरांनी बार धरला. डावा हात वर आला, उजवा आला नाही. बार तिरका झाला आणि रॅकच्या आडव्या दांड्यांवर आदळला. शेठ खालून सरपटत बाहेर आले; खांदा खरचटला, बाकी काही नाही.

सर आपल्या तळव्याकडे बघत म्हणाले, "घाम व्हता हाताला."

भर पौषातली थंडी होती. आम्ही सगळे म्हणालो, हो, घामच होता.

त्यानंतर जे झालं ते कोणी ठरवून केलं नाही. कोणी कोणाला एका शब्दाने बोललं नाही. पण शेठनी पुढच्या वेळी बारवर कमी प्लेटा चढवल्या. मग मी. मग पेठ तालुक्यातली ती पोरगी, जी नर्सिंग शिकायला शहरात आली होती आणि आमच्यात सगळ्यात गुणी होती. सर मागे उभे राहिले की आपण असंच वजन घ्यायचं, जे काही झालं तरी अडकणार नाही. म्हणजे सरांना धरावं लागणार नाही. म्हणजे त्यांचा हात उघडा पडणार नाही. आम्हाला वाटायचं, आम्ही त्यांचा मान राखतोय. जड वजन असल्याचं नाटकही करायचो. शेठ तर असे कण्हायचे की शेजारच्या गोदामातले हमाल डोकावून बघायचे.

ज्या माणसाला दोन बोटांची मदत खपत नव्हती, त्याच्यासमोर आम्ही सगळे मिळून खोटे आकडे मांडत होतो.

सरांना आकडे दिसत होते. स्क्वॅट थांबला, बेंच थांबला, मग दोन्ही उतरायला लागले. माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी आपलं शिकवणं बदललं. व्यायामाचे दिवस बदलले. शेठच्या टाचांखाली फळी देऊन बघितली. पोरीला पाय फाकवून उभं केलं, मग परत जवळ आणायला लावले. नातवाच्या मोबाइलवर परदेशातल्या लिफ्टरांचे व्हिडिओ बघून यायचे आणि आम्हाला दाखवायचे. "कुठंतरी माझंच चुकतंय," म्हणायचे. आम्ही चटईकडे बघायचो.

डेडलिफ्ट मात्र सगळ्यांचा वाढत होता, कारण तिथे मागे कोणी लागतच नव्हतं. तेवढ्यावरून त्यांनी ओळखायला हवं होतं, असं मला पुष्कळदा वाटतं. पण शिकवणारा माणूस आधी स्वतःच्या शिकवण्यावर शंका घेतो. शिष्य आपल्याला जपण्यासाठी खोटं वागत असतील, हे त्याच्या मनातही येत नाही.

जिल्ह्याच्या स्पर्धेत व्हायचं तेच झालं. पेठच्या पोरीची राज्याची निवड तिन्ही प्रकारांच्या बेरजेत अडीच किलोंनी हुकली. तिच्यासाठी ते नुसतं पदक नव्हतं; राज्याला खेळली असती तर खेळाडूंच्या जागेवर नोकरीची आशा होती, आणि घरी तिच्या मागे दोन बहिणी होत्या. स्पर्धेत मागे आयोजकांची तगडी माणसं उभी होती, तिथे भ्यायचं कारण नव्हतं. पण जे वजन वर्षभर खांद्यावर घेतलंच नाही, ते ऐनवेळी मागायची हिंमत कुठून येणार? ती शेवटचा डेडलिफ्ट झटक्यात उचलून आली आणि कोपऱ्यात जाऊन बुटाच्या नाड्या सोडत बसली.

दुसऱ्या दिवशी सरांनी आम्हाला तिघांना जवळ बोलावलं.

"दिवाळीपर्यंत चालवू," ते म्हणाले. "मंग शेड मालकाला देऊन टाकतो. पोरीचं माझ्यामुळं गेलं. माझ्या शिकवण्यात आता दम नाय ऱ्हायला. उगं कशाला अजून कोणाचं नुकसान करायचं?"

आम्ही बाहेर चहाच्या टपरीवर गेलो. पहिल्यांदा तेव्हा आम्ही एकमेकांशी त्या विषयावर बोललो. शेठ म्हणाले, "हाताचं सांगितलं तर ते मोडून पडतील. मागं उभं राहणं हाच त्यांचा जीव आहे."

"आणि नाही सांगितलं तर?" मी म्हटलं. "आपलं शिकवणंच संपलं असं समजून घरी बसतील. ते चालेल तुम्हाला?"

शेठ माझ्याकडे बघून म्हणाले, "ताई, तुमचं तोंड चालतं. तुम्हीच बोला."

माझं तोंड चालतं हे खरं. ऑफिसात साहेबसुद्धा मला वचकून असतात. पण त्या संध्याकाळी मी सरांसमोर दोनदा जाऊन उभी राहिले आणि दोन्ही वेळा कंबरेचा बेल्ट कुठे ठेवलाय एवढंच विचारून परत आले. एखाद्याला तुमचा हात गेला म्हणून सांगायचं, तेही त्याला बरं वाटावं म्हणून, हे कसं सांगतात ते मला येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी सांगायचा नादच सोडला. रॅकपाशी गेले आणि बारवर सरांच्या आजारपणाआधीचा माझा सगळ्यात जड आकडा चढवला. सरांनी प्लेटा पाहिल्या, भुवया उंचावल्या, आणि सवयीने माझ्या मागे येऊन उभे राहिले.

मी बारखाली गेले नाही. वळले.

"सर, तुम्ही मागे नका उभे राहू. समोर या."

"का?"

"कारण तुमचा उजवा हात धरत नाही."

इतकी वर्षं मी सगळ्यांना टाकून बोलत आले, पण एवढं क्रूर काही मी कोणाला बोलल्याचं मला आठवत नाही. शेठ येऊन बारच्या एका टोकाला उभे राहिले, पोरगी दुसऱ्या टोकाला. मग सर सावकाश फिरून माझ्या समोर आले.

मी बार घेतला. खाली बसले. वर्षभर जे वजन टाळलं ते खांद्यांना ओळखीचं वाटलं नाही. अर्ध्यावर आले आणि वाटलं, संपलं. समोर सरांचा चेहरा होता. त्यांनी फक्त हनुवटी वर केली, आणि मी उभी राहिले.

माझ्यानंतर शेठनी आपला जुना आकडा लावला आणि न कण्हता उचलला. मग पोरगी. तिने जिल्ह्याला मागितलं होतं त्यापेक्षा दहा किलो जास्त चढवले आणि अशी उठली की जणू बार पाठीवर नाहीच.

सर तिच्याजवळ गेले. "हे तिथं उचललं असतं तर?"

"झाली असती निवड, सर."

"मंग का नाय उचललं?"

तिने मान खाली घातली. "तुम्हाला कळलं असतं ना, इथे आम्ही कमी का घेतो ते."

"माझ्यापायी तू तुझं वर्ष घालवलं?" त्यांचा आवाज चढला. "कोणी सांगितलं व्हतं तुम्हाला? आँ? शेठ, कोणी सांगितलं व्हतं?"

पोरगीच म्हणाली, "पुढच्या वर्षी उचलते, सर. तुम्ही शेड बंद करू नका."

"नाय करत," ते म्हणाले. "पण खोटं वजन लावलं तर एकेकाला हाकलून देईन."

मग ते बेंचवर बसले. उजवा हात डाव्या हाताने उचलून मांडीवर ठेवला, आमच्यादेखत. बोलले तेव्हा आवाज उतरला होता.

"हाताचं मला पहिल्या दिवसापासून ठाऊक व्हतं गं, ताई. त्याचं काय नाय. मला वाटलं, डोकं बी गेलं."

शेठनी भिंतीकडे तोंड करून डोळे पुसले. मी बेल्ट काढायला लागले, आणि तो मला काही केल्या सुटेना.