भरती लागली

सुकापूरला आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे काका घड्याळ वापरत नाहीत. सोसायटीच्या मीटिंगमधून ते मध्येच उठतात, "भरती लागली," म्हणतात आणि स्कूटर काढून खाडीवर जातात. तिथे त्यांची होडी बांधलेली असते. जुनी, शिडाची होडी. डिझेल इंजिन पार जाम. विकणाऱ्यानंच सांगितलं होतं, भंगारात घाला. काकांनी ती हौसेनं घेतली.

सुट्टीच्या दिवशी मीही त्यांच्यासोबत जातो. होडीत पाय ठेवण्याआधी चपला काठावर काढायच्या, हा त्यांचा नियम. आत गेले की ते आधी इंजिन फडक्यानं पुसतात. मी एकदा म्हटलं, मेकॅनिक आणतो.

"नको. निजलाय तो, निजू दे. शीड हाय ना."

पाणी चढलं की ते शीड वर ओढतात. होडी बांधलेलीच, तरी वारा भरला की दोर ताणून झुलत राहते. काका डोळे मिटून बसतात. डोक्यावरून विमान उलव्याच्या नव्या विमानतळाकडे उतरलं तरी वर बघत नाहीत. एकदाच म्हणाले होते, "ते उतरतंय ना, तिथं आमची खाडी व्हती."

मी मात्र दर वेळी दोराची गाठ नीट बघून घेतो.

परवा वारा छान सुटला होता. काकांनी गाठीवर हात ठेवला.

"सोडू?"

"काका, माझ्या चपला..."

"ऱ्हाऊ दे तिथंच," ते म्हणाले, आणि काठ हळूहळू मागे सरकायला लागला.